निर्जंतुक, विषाणुमुक्त की ‘सापडला नाही’?

मालवणच्या एका शाळेत संगणक शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: मुलांनी पेनड्राइव्हवरून आणलेल्या ईएक्सई (म्हणजे थेट चालणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइली त्या कमांड लाइनवर, आज्ञा टाइप करून, क्लॅमस्कॅन या संगणकी विषाणू शोधणाऱ्या प्रोग्रामने तपासतात आणि निकाल मराठीत नोंदवहीत लिहितात. फाइलीपुढे ‘ओके’ आलं तर शेरा ‘निर्जंतुक’ लिहावा की ‘विषाणुमुक्त’?

बाई, माझ्या मते दोन्ही नकोत.

‘निर्जंतुक’ तर नाहीच. दवाखान्यात हत्यारं निर्जंतुक करतात, म्हणजे त्यांच्यावर काही प्रक्रिया झालेली असते. क्लॅमस्कॅन वेगळी सूचना दिल्याशिवाय फाइलीला हातही लावत नाही; काय दिसलं तेवढं सांगतो.

‘विषाणुमुक्त’ शब्द म्हणून छान आहे. समासात ‘णु’ ऱ्हस्व, तेही तुम्ही बरोबर लिहिलंत. पण तो फाइलीबद्दल ठाम ग्वाही देतो, आणि तपासणीला तेवढं ठाऊक नसतं. तिच्याजवळ मुख्यतः माहीत असलेल्या विषाणूंच्या खुणांची यादी असते. ती फ्रेशक्लॅम चालवून ताजी करायची. यादीतली खूण जुळली की ‘फाउंड’, नाही जुळली की ‘ओके’. नव्या विषाणूची खूण अजून यादीत आलीच नसेल, तर त्याच्यापुढेही ‘ओके’ उमटू शकतं. यादी कितीही वाढवली तरी ही उणीव पुरती भरून निघत नाही: प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारा प्रोग्राम बनवताच येणार नाही, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिलं.

तुमच्या मालवणीत हा भेद रोज पाळला जातो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाल्यावर ‘बांगडो गावलो नाय’ (बांगडा सापडला नाही) म्हणतात. त्याचा अर्थ दर्यात बांगडा नाही असा कोणी घेत नाही. तोच सावधपणा शेऱ्यात हवा: ‘विषाणू सापडला नाही’. शब्द तीन झाले, पण खरे झाले.

आणि गंमत म्हणजे क्लॅमस्कॅनची माहितीपुस्तिकाही हेच म्हणते. काम संपल्यावर तो एक आकडा मागे ठेवतो. ० म्हणजे विषाणू सापडला नाही, १ म्हणजे सापडला, २ म्हणजे तपासताना अडचण आली. पडद्यावरच्या ‘ओके’पेक्षा ही भाषा कितीतरी काटेकोर आहे. लिनक्सवर आज्ञा संपताच ‘इको’पुढे जागा सोडून डॉलर आणि प्रश्नचिन्ह जोडून लिहिलंत (echo $?) की तो आकडा दिसतो.

‘सापडला’ हेही जपूनच वाचावं. आयकार नावाची ६८ अक्षरांची चाचणी-फाइल मुद्दाम निरुपद्रवी केलेली आहे, तरी तिच्यापुढे ‘फाउंड’ येतं, कारण तिची खूण यादीत आहे. वर्गात दाखवायला ती उत्तम.

विषाणूच्या या खुणेला इंग्रजीत ‘सिग्नेचर’ म्हणतात; तिला मी ‘खूण’ म्हणतो, ‘सही’ नाही. ईएक्सई फाइलीवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असू शकते. ती निराळी गोष्ट, आणि एकाच वहीत दोन्हींना ‘सही’ म्हटलं तर मुलं गोंधळणार.

तेव्हा नोंदीत फाइलीचं नाव, यादी कोणत्या तारखेची ते आणि शेरा, एवढं पुरे. आकडा २ आला तर मात्र ‘सापडला नाही’ लिहू नका. तिथे ‘तपासणी पूर्ण झाली नाही’ लिहा आणि ती फाइल मुलांना चालवू देऊ नका.