सातबारा सासऱ्यांच्या नावावर, शेत सुनेच्या अंगावर

प्रश्न (भोर, जि. पुणे): मालक चाकणला कंपनीत आहेत. दोन एकर भात मीच करते, पण सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे. भातातल्या कोळप्याला मला अनुदान मिळेल का? आणि लावणीत कंबर मोडते, त्यावर काही उपाय?

उत्तर: ताई, कोळप्याचं आधी सांगतो. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या अर्जाच्या पोर्टलवर, अर्ज खातेदाराच्या (सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या) नावानेच होतो. त्यामुळे यंदापुरता अर्ज सासऱ्यांच्या नावाने भरा. यांत्रिकीकरणात महिलांना 50 टक्के अनुदान आहे, तेवढंच अल्पभूधारकालाही आहे, म्हणजे तुमचं नुकसान काही नाही. पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधीची मंजुरी, हातात येण्याआधी मात्र अवजार विकत घेऊ नका. बिल आधीच्या तारखेचं असेल तर अनुदान जातं, आणि दरवर्षी कुणाचं ना कुणाचं जातंच.

आता सातबाऱ्याकडे वळू. तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण तीच आहे. पीककर्ज, विमा, ठिबक, सगळीकडे आधी खातं कुणाचं हे बघतात. जमीन वडिलोपार्जित असेल, तर सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली वाटप करून घेता येतं. त्यात नणंदांना धरा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे. त्यांना डावलून केलेलं वाटप पुढे कोर्टात अडकतं. मालकांच्या वाट्याची जमीन त्यांच्या नावावर आली, की लक्ष्मी मुक्ती योजनेत तुमचं नाव सहखातेदार म्हणून लावता येतं. ही योजना 1992 पासून आहे. पतीने स्वखुशीने तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. नोटिशीनंतर 15 दिवसांत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. एक मात्र लक्षात ठेवा, पीएम किसानचा लाभ कुटुंबात एकालाच मिळतो. नाव लागलं म्हणून वर्षाचे दुसरे 6000 रुपये येणार नाहीत.

तुमच्या माहेरच्या जमिनीतही हाच हक्क आहे. भावांनी हक्कसोडपत्र पुढे केलं, तर सही करण्याआधी घरी चार दिवस विचार करा. नात्याखातर सोडायचंच असेल तर सोडा, पण काय सोडतोय ते कळून सोडा.

कंबरेचं म्हणाल, तर लावणी वाकूनच होणार. पण बेणणीतलं, म्हणजे तण काढतानाचं, वाकणं बरंच कमी करता येतं, मात्र त्यासाठी लावणी ओळीत हवी. चारसूत्री या लावणीच्या पद्धतीत 15 आणि 25 सेंटिमीटर अंतर आलटून पालटून ठेवून दोरीवर लावा, एका चुडात (एका जागी लावायच्या रोपांच्या जुडीत) दोन-तीन रोपं पुरेत. 15 च्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची गोळी हाताने 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. कोनोवीडर, म्हणजे भातातलं ढकलत चालवायचं कोळपं, 25 च्या पट्ट्यातूनच चालवा, गोळीच्या चौकोनात नको. खाचरात थोडं पाणी ठेवा, नाहीतर अवजार चिखलात रुतून बसतं. दांडा तुमच्या कंबरेच्या उंचीचा करून घ्या. बाजारातले बहुतेक दांडे पुरुषांच्या उंचीने बनवलेले असतात. कापणीला दातेरी वैभव विळा घ्या, हिसका मारावा लागत नाही, मनगट वाचतं.

फवारणीचं तुम्ही लिहिलं नाहीत, तरी सांगतो. पंप पुरुषाच्या पाठीवर असला, तरी औषध कालवणं आणि नंतर कपडे धुणं बाईकडेच येतं. कालवताना हातमोजे घाला, काठीने ढवळा. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल, तर तिला या कामाला लावूच नका.