कोबीचे खांब

प्रश्न : नमस्कार ताई, चोपड्याजवळ आमचं जुनं धाब्याचं घर पाडून बंगला बांधतोय, यंदा केळीनं साथ दिली म्हणून. मिस्त्रीने मोबाईलवर एलिवेशनचा, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचा फोटो दाखवला, 10 फुटी पोर्चला चार खांब अन् वर पानंच पानं, आई त्याला कोबीचे खांब म्हणते. आर्किटेक्चर शिकणारा भाचा म्हणतो मामा, हे इटलीच्या जुन्या छापील चित्रांतून आलंय, आणि तिथे कुणाच्या घराला कुठला खांब हेपण सांगितलेलं असायचं. खरंय का?

उत्तर : भाच्याचं बरोबर आहे भाऊ. 1537 साली व्हेनिसमध्ये सेर्लिओ नावाच्या इटालियन वास्तुकाराने पुस्तक छापलं, तेही लॅटिनमध्ये नाही तर साध्या इटालियनमध्ये, भरपूर चित्रं टाकून. त्यात खांबांचे पाच प्रकार, लढणाऱ्या माणसाच्या घराला डोरिक, विद्वान, शांत माणसाला आयोनिक असं. तुमचा पानंवाला तो कोरिंथियन, चांगलाच नटवा. पण चित्र एकदा बाजारात आलं की कोण कुणाचं ऐकतं, ज्याच्याकडे पैसा तो पानंवालाच मागणार ना!

त्यात 1562 मध्ये विन्योला या दुसऱ्या वास्तुकाराने तर हिशोबच सोपा करून टाकला, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, मजकूर कमी. खांबाच्या बुडाची निम्मी जाडी म्हणजे एक माप, टस्कन म्हणजे पाचांतल्या सगळ्यात साध्या खांबाची उंची अशी 14 मापं, डोरिक 16, आयोनिक 18, कोरिंथियन 20. म्हणजे कोरिंथियन जाडीच्या दहापट उंच. तुमच्या 10 फुटी खांबाला जाडी 12 इंच हवी, मिस्त्री हौसेने 15 इंच करेल तर मग तो खरंच कोबीचा गड्डाच दिसेल (आतल्या आरसीसीचं मात्र इंजिनिअरलाच विचारा, तिथे विन्योला चालत नाही).

मला स्वतःला मजा वाटते ती तिसऱ्या वास्तुकाराची, पॅलाडिओची. पिठाच्या चक्कीवाल्याचा पोरगा, दगड घडवत वर आला, आणि 1570 च्या पुस्तकात त्याने आपण केलेल्या घरांचे नकाशे मालकाच्या नावासकट छापले, काही तर पूर्ण बांधून झालीच नव्हती, कागदावर मात्र चकाचक. यातली बरीच शेतावरची घरं बरं का, बाजूला धान्य-अवजारांची जागा अन् समोर देवळासारखे खांब. घर बघायला गावापर्यंत कोण जाणार, पण पुस्तक लांबलांब पोचलं आणि मालकाचं नावही.

त्या पानाचं खरं नाव अकँथस, काटेरी झाड असतं. आईला सांगून बघा, पण कोबी काही त्या सोडायच्या नाहीत.