वाचकांचे प्रश्न : भरलेली ट्रॉली, घाट आणि एचपी

प्रश्न : धारणी तालुक्यात शेती आहे. सोयाबीन आणि हरभरा दोनचाकी ट्रॉलीत भरून सेमाडोहमार्गे परतवाड्याला नेतो, खेपेला 50 क्विंटल. वाटेत घाट लागतो आणि शेतापासून डांबरीपर्यंत काळ्या मातीची पांदण आहे. विक्रेता म्हणतो, ट्रॅक्टर 60 एचपीचाच घ्या. 45-50 मध्ये भागेल का?

उत्तर : भागेल. माल 5 टन, रिकामी ट्रॉली दीड टन आणि ट्रॅक्टर 2 टन धरा, एकूण साडेआठ टन. शंभर मीटरला 6 मीटर चढ असेल, तर डांबरीवर साधारण 680 किलोची ओढ लागते. ताशी 8 किलोमीटरने चढायला चाकावर 20 एचपी पुरतात, 15 ने चढायचं तर 38. म्हणजे जास्तीचे एचपी घाटात फक्त घाई विकत देतात.

पांदणीत अडतं ते वेगळंच. ओल्या काळ्या मातीत इंजिन दमायच्या आधी चाक घसरतं, आणि तिथे एचपी नाही, मागच्या चाकावरचं वजन कामी येतं. मागच्या टायरमध्ये पाणी भरा: व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून पाणी व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे 75 टक्के. पेरणीआधी मात्र ते काढा, नाहीतर ओल्या वावरात माती दाबली जाते.

दोनचाकी ट्रॉली थोडं वजन हुकावरही टाकते. आस ते हुक 3 मीटर आणि मालाचा मध्य आसाच्या 30 सेंटिमीटर पुढे असेल, तर 5 टनांपैकी सुमारे 500 किलो हुकावर येतात. हे चांगलं. पोती मागे रचली की उलटं होतं, दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. पुढची बाजू उठू नये म्हणून ओढ खालच्या हुकालाच द्या, टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) जागी कधीच नाही.

खरी परीक्षा उतारावर. त्याच उतारावर साडेसहा टनांची ट्रॉली 2 टनांच्या ट्रॅक्टरला सतत 260 किलोंनी ढकलत असते. ब्रेक दाबला, वळण आलं, की ती बाजूने फिरून ट्रॅक्टरला आडवं घालते. म्हणून 60 एचपीच्या फरकाचे पैसे ट्रॉलीच्या ब्रेकवर घाला. ट्रॅक्टर तेलात बुडणाऱ्या ब्रेकचा घ्या. कोरड्या ब्रेकमध्ये चिखल आणि पाणी शिरतं. रस्त्यावर डाव्या आणि उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडलेले हवेत, दोन्हींची ढिलाई सारखी हवी. शेतात सोडलेली कडी तशीच राहते आणि एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. ज्या गिअरमध्ये चढलात, त्यातच उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं हा शुद्ध वेडेपणा.

घेण्याआधी चालवून पाहायचा, तर भरलेली ट्रॉली जोडूनच.

प्रश्न : ट्रॅक्टर न घेता आहे त्या पिकअपलाच ही ट्रॉली जोडली तर?

उत्तर : जोडू नका. पिकअपची क्षमता पाठीवरच्या मालासाठी ठरवलेली असते, मागच्या ओढीसाठी नाही. चढावर भरली ट्रॉली हलवताना अर्धा क्लच धरावा लागतो आणि प्लेट जळते. बंपरला वेल्ड केलेला हुक तर धक्क्याने पत्र्यासकट निघतो. माल थोडा असेल तर पाठीवरच दोन खेपा करा.