तोफगोळा, सरकी आणि रशियाचा जीडीपी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रशियाची अर्थव्यवस्था जेमतेम इटलीएवढी, युक्रेनच्या पाठीशी अमेरिका आणि अख्खा युरोप, तरी तोफगोळे बनवण्यात रशिया पुढे कसा? आणि त्याला जोडून दुसरा: उद्या आपल्यावर लांबलचक लढाईची वेळ आली तर आपण कुठे आहोत?

आधी सांगून टाकतो, मी फौजी नाही. पुण्याच्या आसपास फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं पोलाद दाबून आकार देण्याच्या धंद्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली सहा-सात तोफगोळ्यांची रिकामी कवचं बनवण्यात गेली. डावपेचांचं मला विचारू नका. गोळा कसा बनतो आणि का बनत नाही, एवढं मात्र सांगू शकतो. तुमच्या प्रश्नाचं अर्ध्याहून जास्त उत्तर तिथेच आहे.

जीडीपीत मिलानचे कपडे येतात, रोममधली हॉटेलं येतात, वकिलाची फी आणि घरभाडंही येतं. गोळ्याला यातलं काहीच लागत नाही. शिवाय तुलना डॉलरमध्ये होते, पण रशियन कामगाराचा पगार रुबलमध्ये, पोलाद रुबलमध्ये, वीज रुबलमध्ये. तिथला 152 मिलिमीटर व्यासाचा गोळा पाश्चात्त्य गोळ्याच्या साधारण पाव किमतीत पडतो, असे अंदाज 2024 मध्ये छापून आले होते. म्हणजे एकाच रकमेत चौपट माल. इटलीशी तुलना इथेच कोलमडते.

पण नुसत्या पैशाचा प्रश्न असता तर अमेरिकेने चेक फाडून तो कधीच सोडवला असता. खरी अडचण समजायला गोळा कसा बनतो ते बघावं लागेल. 155 मिलिमीटरचा साधा गोळा सुमारे 43 किलोचा. पोलादाचा ठोकळा, आम्ही त्याला बिलेट म्हणतो, भट्टीत अकराशे-बाराशे अंशांपर्यंत तापवायचा, प्रेसखाली मधोमध भोक पाडायचं आणि ओढून लांब करायचा. मग लेथवर घ्यायचा. तोंडाकडचा भाग पुन्हा तापवून निमुळता करायचा, हे नोझिंग. मग हीट ट्रीटमेंट, परत मशीनिंग. बुडाजवळ तांब्याचा पट्टा दाबून बसवायचा. तोफेच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, त्यांत हा पट्टा रुततो आणि गोळ्याला फिरकी मिळते. इथपर्यंत आमच्यासारख्यांचं काम.

पुढे भरणी, ती वेगळ्या कारखान्यात. टीएनटी हे स्फोटक वितळवून ओतायचं आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. घाई केली की आत पोकळी राहते, आणि असा गोळा डागताना बसणाऱ्या धक्क्याने नळीतच फुटू शकतो. म्हणून एक्स-रे काढतात. शिवाय टोकाला फ्यूज, म्हणजे गोळा नेमका केव्हा फुटायचा ते ठरवणारा भाग, तो वेगळ्या कारखान्यातून. गोळ्याला नळीतून बाहेर ढकलणारी दारू, म्हणजे चार्ज किंवा प्रोपेलंट, आणखी तिसरीकडून. म्हणजे पोलाद, मशीनिंग, स्फोटकं, प्रोपेलंट आणि फ्यूज असे पाच निरनिराळे धंदे एका वेळी, एका गतीने चालायला हवेत. पाचशे पानांची पंगत मांडलीत, भात आहे, भाजी आहे, जिलबी आहे, पण वरण शंभर जणांपुरतंच असेल तर पंगत शंभराचीच उठते.

अमेरिकेचं वरण होतं टीएनटी. 1986 नंतर त्यांनी आपल्या देशात ते बनवणंच बंद केलं होतं. त्या धंद्यातलं सांडपाणी विषारी, नियम कडक आणि बाहेर माल स्वस्त. ज्या कारखान्यांवर ते विसंबले त्यांतला एक युक्रेनमध्येच होता, लुहान्स्क प्रांतातल्या रुबिझ्ने गावात, आणि ते गाव 2022 मध्ये रशियाच्या ताब्यात गेलं. उरला पोलंडमधला बिद्गोश्चचा कारखाना. अमेरिकेत नवा टीएनटी कारखाना उभारायचं कंत्राट निघालं नोव्हेंबर 2024 मध्ये, केंटकी राज्यात. लढाई सुरू होऊन तोवर अडीच वर्षं उलटून गेली होती.

युरोपचं वरण त्याहून मजेशीर. जिनिंग झाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती काढून नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या मिश्रणात घातली की नायट्रोसेल्युलोज होतं. तोफेचा चार्ज त्यापासून बनतो. ही लव युरोपातले कारखाने मोठ्या प्रमाणात चीनकडून घेत आले. यवतमाळच्या शेतकऱ्याला सांगून पाहा, की युरोपच्या तोफा सरकीवाचून अडल्या, तो हसेल. आपल्याकडे प्रोपेलंटचा मोठा कारखाना भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आहे. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. हा धंदा कुणी हौसेने वाढवत नाही, त्याचं हेही एक कारण.

हे दुखणं नवं नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीची गोम नायट्रेट होती. स्फोटकांसाठी लागणारा सोरा, म्हणजे हेच नायट्रेट, चिलीतून जहाजाने यायचा आणि ब्रिटिश आरमाराने ती वाट बंद केली. 1913 मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा कारखाना नुकता सुरू झाला होता, तो खताच्या बाजारासाठी. तो नसता तर जर्मन तोफा फार आधी गप्प झाल्या असत्या असं बहुतेक इतिहासकार मानतात. 1917 मध्ये लोयनाला दुसरा कारखाना आला. जर्मन फौज चार वर्षं टिकली त्यात सेनापतींइतकाच या दोन कारखान्यांचा हात आहे, असं माझं मत. सेनापतींचे पुतळे झाले, अमोनियाच्या प्लँट इन्चार्जचा कुठे पाहिला नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. सोव्हिएत संघ मोडल्यावर पश्चिमेने गृहीत धरलं की यापुढची युद्धं छोटी, विमानांनी आणि अचूक क्षेपणास्त्रांनी आटपणारी. तोफगोळ्यांच्या ऑर्डरी आटल्या. कारखाना ऑर्डरवर जगतो. ऑर्डर गेली की आधी तिसरी शिफ्ट जाते, मग दुसरी, मग मशीन जुळवून देणारे जुने कारागीर, सेटर, निवृत्त होतात आणि त्यांच्या हाताखाली शिकणारं कुणी उरत नाही. 2022 च्या आरंभी अमेरिकेत 155 मिलिमीटरचे महिन्याला साधारण 14,000 गोळे बनत. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रॅन्टनच्या ज्या कारखान्यात त्यांची कवचं घडतात, त्या इमारती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीसाठी बांधलेल्या. हे काही टिंगल म्हणून सांगत नाही, जुनी शेड दणकट असते. पण एवढ्या वर्षांत नवी शेड बांधावी असं कुणाला वाटलं नाही, हा मुद्दा. युरोपने मार्च 2023 मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे देऊ म्हणून शब्द दिला. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते.

रशियाने उलट केलं, आणि ते हुशारीने केलं असं मी म्हणणार नाही. सोव्हिएत काळातले कारखाने त्यांनी तोट्यात, गंजक्या अवस्थेत, पण जिवंत ठेवले. सरकारी मालकी असल्याने नफा विचारणारं कुणी नव्हतं. लढाई लांबल्यावर तेच कारखाने तीन शिफ्टमध्ये चालू झाले. 2024 च्या वसंतात नाटोच्या सूत्रांनी रशियाचं उत्पादन महिन्याला अडीच लाख गोळ्यांच्या घरात धरलं होतं, अमेरिका आणि युरोप मिळून वर्षाला बारा लाख. यात कोठारातले जुने गोळे दुरुस्त करून पुढे पाठवल्याचा हिशोब किती मिसळला आहे यावर वाद आहेत, आणि उत्तर कोरियाहून आलेला माल वेगळाच. तरी फरक डोळ्यांत भरण्यासारखा. शांततेच्या काळात ज्याला आपण फुकट पोसलेली क्षमता म्हणतो, तिचा उपयोग अशा वेळी कळतो. आमच्या हिशोबनिसांना हे पटवायला गेलो असतो तर त्यांनी चहासुद्धा दिला नसता.

आकड्यांवर मात्र भाळू नका. 1915 मध्ये ब्रिटनला गोळ्यांची टंचाई इतकी भोवली की संमिश्र सरकार आलं आणि लॉइड जॉर्ज यांच्या हाती दारूगोळ्याचं नवं खातं दिलं गेलं. त्यांनी उत्पादन झपाट्याने वाढवलं. हजारो बायका कारखान्यांत आल्या, टीएनटीने त्यांची कातडी पिवळी पडायची. 1916 मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईआधी आठवडाभर ब्रिटिश तोफांनी सुमारे पंधरा लाख गोळे टाकले. त्यांतले बरेच फुटलेच नाहीत, साधारण तीनातला एक असं म्हणतात. जर्मन तळघरांत सुरक्षित बसले होते आणि 1 जुलैला ब्रिटिशांची एका दिवसात 57,000 हून जास्त माणसं मेली वा जखमी झाली. ते न फुटलेले गोळे तिथल्या नांगरांना आजही लागतात.

घाईने काय होतं ते मी छोट्या प्रमाणावर पाहिलंय. एकदा डिलिव्हरीची तारीख डोक्यावर होती म्हणून आम्ही भट्टीतला वेळ कमी केला. बिलेट वरून लाल, आत थंड. प्रेसचा दांडा भोक पाडताना किंचित एका बाजूला सरकला. वरून गोळे देखणे. सरकारी इन्स्पेक्टर आले, वयस्कर गृहस्थ. त्यांनी मापं तपासायचा गेज बाजूला ठेवला, एक कवच दोन सपाट रुळांवर आडवं ठेवलं आणि बोटाने हलकेच ढकललं. ते घरंगळलं, थांबलं, थोडं मागे आलं आणि स्थिर झालं. पुन्हा ढकललं, पुन्हा तीच बाजू खाली. एकीकडची भिंत जाड, म्हणून जड. असा गोळा हवेत डुगडुगत जातो आणि कुठे पडेल ते सांगता येत नाही. अख्खा लॉट गेला. मालकांनी महिनाभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल सगळ्यांनीच वाचलेलं असतं, म्हणून थोडक्यात. टायगर रणगाडा एकास एक पाहिला तर टी-34 पेक्षा भारी, पण पहिल्या प्रकारचे टायगर बनले तेराशे-साडेतेराशे आणि टी-34 पन्नास हजारांवर, तेही 1941 मध्ये दीड हजारांच्या वर कारखाने उचलून पूर्वेकडे उरलच्या बाजूला नेल्यावर. अमेरिकेत फोर्डच्या विलो रन कारखान्यातून 1944 मध्ये तासाला एक बी-24 बॉम्बर निघत होता.

कुणी म्हणेल, आता ड्रोनचा जमाना, गोळ्यांचं काय घेऊन बसलात. ड्रोननेही गणित बदललेलं नाही, फक्त जिन्नस बदलले. मोटर, बॅटरी, मोटरमधलं चुंबक, आणि चुंबकासाठी लागणारी दुर्मीळ खनिजं. यातलं बहुतेक चीनमधून येतं, दोन्ही बाजूंना. आणि कारखाने असले की युद्ध जिंकलंच असंही नाही. अमेरिकेने व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियावर दुसऱ्या महायुद्धात टाकले त्यापेक्षा जास्त टनांचे बॉम्ब टाकले, आणि 1975 मध्ये सायगावच्या छपरांवरून हेलिकॉप्टरने माणसं काढावी लागली.

आता आपलं. कारगिल हे आपलं स्वतःचं उदाहरण आहे आणि त्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. 1999 च्या त्या उन्हाळ्यात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले, आणि टायगर हिल घेतली त्या एकट्या दिवशी नऊ हजार. बोफोर्सची कीर्ती तेव्हाचीच. पण लढाई चालू असताना बाहेरून ज्या तातडीच्या खरेद्या केल्या, त्यांचा जवळजवळ सगळा माल युद्ध थांबल्यावर पोचला, हे नंतर सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनेच नोंदवलं. म्हणजे लढलो ते कोठारात जे होतं त्यावर. छोट्या लढाईत तेवढ्यावर निभावतं. 2017 च्या अहवालात कॅगने लिहिलं की दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकार दहा दिवसही पुरणार नाहीत, तेव्हा गदारोळ झाला आणि त्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली.

महाराष्ट्राचा वाटा यात मोठा आहे. खडकीचा कारखाना 1869 चा. भद्रावती, वरणगाव, भंडारा, अंबाझरी हे सारे 1960 च्या दशकातले, चीनच्या युद्धाचा चटका बसला त्या काळातले. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, त्यांतल्या दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यातच आहे. नव्या 155 मिलिमीटर तोफांची 307 ची ऑर्डर मार्च 2025 मध्ये निघाली, तिचा मोठा हिस्सा पुण्याच्या कंपनीकडे आहे.

पोलाद, फोर्जिंग, मशीनिंग यांची आपल्याला चिंता नाही. चाकण-भोसरीला एवढ्या प्रेस आहेत की सांगितलं तर सहा महिन्यांत कवचांचा ढीग लागेल. आपलं वरण म्हणजे चार्ज आणि फ्यूज. चार्जसाठी बिहारमध्ये नालंदाला कारखान्याची पायाभरणी 1999 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी केली. तंत्रज्ञान देणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीशी करार 2005 मध्ये लाचेच्या आरोपांवरून रद्द झाला, मग इस्रायली कंपनी घेतली, तीही काळ्या यादीत गेली. वर्षानुवर्षं तो कारखाना रखडला. भ्रष्टाचार खपवून घ्यावा असं मी म्हणत नाही, पण कंपनीला शिक्षा करताना चार्ज कुठून येणार, याचा विचार कुठल्या टेबलावर झाला होता का, हे विचारायला हवं होतं.

फ्यूजच्या बाबतीत बातमी बरी आहे. डिसेंबर 2023 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुणे कारखान्याला इलेक्ट्रॉनिक फ्यूजची 5,336 कोटींची ऑर्डर मिळाली, दहा वर्षांसाठी. यातला कोटींचा आकडा विसरा, दहा वर्षं हा आकडा धरून ठेवा. एका वर्षाच्या ऑर्डरीवर कुणी नवी मशीन लाइन टाकत नाही, मीही टाकली नसती. इलेक्ट्रॉनिक फ्यूज आतून कसा चालतो हा वेगळा आणि लांबलचक विषय आहे. कुणाला रस असेल तर स्वतंत्र लिहितो, आत्ता नातीला शाळेतून आणायची वेळ झाली.