"तुला हवं असेल तर घेऊया दत्तक" असं नवरा म्हणतो, पुढे काय करू?

प्रश्न: ताई, मी ३९ ची, मिस्टर ४२ चे. आयव्हीएफ दोनदा फेल गेलं, आता परत नको वाटतंय. दत्तकचा विषय काढला की हे म्हणतात "तुला हवं असेल तर घेऊया". सासूबाई आमच्याजवळच असतात, त्यांचं म्हणणं रक्ताचं ते रक्ताचं. त्यात जाऊबाईंच्या ओळखीची एक नर्स आहे, ती म्हणते दोन लाखात बाळ मिळेल, कागदपत्रंही तीच करून देईल. काहीच सुचत नाहीये. सुरुवात कुठून करू? (सांगली)

उत्तर: पहिले त्या नर्सबाईंना नाही म्हणून टाका आणि परत फोन आला तर उचलूच नका. असं पैसे देऊन परस्पर बाळ घेणं हा गुन्हा आहे, ज्युवेनाईल जस्टिस (बाल न्याय) कायद्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि उद्या पोलीस दारात आले तर ते बाळ तुमच्याकडे राहणार नाही हे त्याहून वाईट.

आता मिस्टरांचं. मला सासूबाईंपेक्षा त्यांचीच काळजी जास्त वाटते खरं सांगू का. "तुला हवं असेल तर" म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही, उद्या मूल रात्रभर रडलं की "तुलाच हवं होतं ना" ऐकायला मिळणार. नियमातही दोघांची संमती लागतेच, आणि होम स्टडीला, म्हणजे घरची पाहणी करायला, सोशल वर्कर घरी येते ती दोघांशी बोलते, सासूबाईंशी पण बोलेल. लोक उगाच पडदे बदलतात, सोफा आणतात, तिला त्याच्याशी काही घेणं नसतं, ती विचारते तुमची भांडणं कशावरून होतात, मूल आजारी पडलं तर रजा कोण काढणार, दत्तक आहेस हे मुलाला कधी सांगणार. हेच प्रश्न एखाद्या रविवारी दोघांनी बाहेर जाऊन एकमेकांना विचारा, सासूबाईंसमोर नको. त्यांना विश्वासात घ्याच पण "घेऊ का" असं विचारू नका, ठरलंय म्हणून सांगा. बाळ घरात आल्यावर बऱ्याच आज्या विरघळतात असं म्हणतात, पण त्या भरवशावर निर्णय घेऊ नका.

दोघांचं ठरलं की मात्र वेळ काढू नका कारण वय मोजलं जातं. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत चालते, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०. तुमची आज ८१ आहे. तान्ह्या बाळासाठी वेटिंग सहज तीन वर्षांच्या पुढे जातं आणि होम स्टडीची मुदत तीनच वर्षं असते, मग पात्रता परत बघतात, तोवर तुमची बेरीज ८७ झालेली असेल! म्हणून मी तर म्हणेन दोन ते चारचा विचार आत्ताच करा, शी-शू सांगणारं, हट्ट करणारं मूलसुद्धा आपलं होतंच की.

नोंदणी "कारा"च्या (दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था) वेबसाईटवर घरबसल्या होते, मध्यस्थ लागत नाही. काही अडलं तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, तिथे समजावून सांगतात. नंबर आला की मुलाचा फोटो, मेडिकल रिपोर्ट येतो आणि ४८ तासांत त्याला रिझर्व्ह करायचं की नाही ते कळवायचं, मग संस्थेत जाऊन मूल बघायचं, रिपोर्ट आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवता येतो, लाजू नका. मूल आधी फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आदेश होईपर्यंत सांभाळायला, घरी येतं, दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी काढतात (आधी कोर्टात जावं लागायचं) आणि पुढे दोन वर्षं सोशल वर्कर अधूनमधून येऊन बघून जाते.

आणि हो, लग्नाची नोंदणी केलीय का तुम्ही? नसेल तर या आठवड्यात तेवढं करून घ्या, पत्रिका आणि फोटो दाखवून भागत नाही, बऱ्याच जणांचं गाडं तिथेच अडतं.