अल्ट्रासाउंडने कर्करोगाचे औषध नेमके गाठीतच सोडता येते का?

होय, सोडता येते. मात्र ही पद्धत अजून नेहमीच्या उपचारांत रुळलेली नाही. डॉक्सोरुबिसिन हे औषध लायपोसोम नावाच्या, मेदाचे पातळ कवच असलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून शिरेतून देतात. रक्ताबरोबर त्या शरीरभर फिरतात, पण बाहेरून केंद्रित केलेल्या ध्वनिलहरींनी गाठ सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे सडकून ताप यावा इतकीच, गरम केली की तेथे कवच झिरपू लागते आणि औषध बाहेर पडते. ऑक्सफर्डमध्ये यकृतात गाठी असलेल्या १० रुग्णांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गाठीतील औषधाचे प्रमाण सरासरी ३.७ पट वाढले. हेच औषध हृदयालाही इजा करू शकते, त्यामुळे मात्रा न वाढवता साधलेली ही वाढ मला फार मोलाची वाटते.