वाचकांचे प्रश्न : मुलाखतीचे पत्र का येत नाही?

प्रश्न : मी नाशिकमध्ये सहा वर्षांपासून तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. सेट (राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे, पीएच.डी.ही झाली आहे. वर्षभरात सहायक प्राध्यापकपदासाठी सात महाविद्यालयांकडे अर्ज केले. मुलाखतीचे पत्र एकाही ठिकाणाहून आले नाही. अर्जाची प्रत सोबत पाठवत आहे. माझे नेमके कुठे चुकते?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आपला अर्ज मी दोनदा वाचला. पात्रतेत काही उणे नाही, अर्जात मात्र आहे. सिन्नरच्या महाविद्यालयाला पाठवलेल्या या अर्जाच्या शेवटी ‘आपल्या येवल्यातील महाविद्यालयात सेवेची संधी मिळावी’ हे आधीच्या अर्जातले वाक्य तसेच राहून गेले आहे.

त्याहून महागात पडणारी चूक अनुभवाच्या रकान्यात आहे. मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्यासाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी गुणांचा तक्ता आहे. त्यात अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला 2 आणि जास्तीत जास्त 10 गुण आहेत. वर्षाहून कमी अनुभव असेल, तर गुण त्या प्रमाणात घटतात. आपण ‘सहा वर्षे’ असे लिहिलेत, पण नेमणुकीचे आदेश चारच वर्षांचे जोडलेत, आणि रुजू झाल्याची व कार्यमुक्त झाल्याची तारीख एकाही ओळीत नाही. तासिकांच्या नेमणुका तुकड्यातुकड्यांच्या असतात हे छाननी करणाऱ्यांना पक्के ठाऊक असते, त्यामुळे तारखा दिसल्या नाहीत की ते हात राखूनच गुण देतात.

शोधनिबंधांत उलटा प्रकार झाला आहे. त्यांना प्रत्येकी 2 प्रमाणे कमाल 6 गुण असल्याने मान्य नियतकालिकांतले तीन निबंध पुरतात. आपण चौदा दिलेत, त्यांतले पाच ‘प्रकाशनाच्या मार्गावर’ आहेत. शिवाय चर्चासत्रांना हजर राहिल्याची बावीस प्रमाणपत्रे. (हा सोस मलाही होता.) या गर्दीत 25 गुणांची पीएच.डी. सातव्या पानावर जाऊन बसली आहे. एम.ए.चे श्रेणीगुण टक्केवारीत मांडायचेही राहिले आहे. तिथे 60 टक्क्यांच्या आत 20 आणि 60 ते 80 टक्क्यांच्या आत 23 गुण मिळतात.

याच नियमावलीनुसार हे गुण बोलावणे येण्यापुरतेच असतात, निवड मुलाखतीतील कामगिरीवर होते. तिथे प्रबंधाचा सारांश पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा, पांडवलेण्यांच्या डोंगराच्या समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) प्रथम वर्षाच्या वर्गाला खडू-फळ्यावर दहा मिनिटांत कशा समजावाल, याची तयारी करून जा.